कार्ड ‘हजर’ म्हणालं होतं

“कार्ड खराब झालंय आजी. नवीन घ्यावं लागेल.”

हे वाक्य तुम्ही अजून ऐकलं नसेल, तर एकतर तुम्ही भाग्यवान आहात किंवा तुमची सगळी बाहेरची कामं मुलं करतात. मी ते बँकेत ऐकलंय, औषधाच्या दुकानात ऐकलंय, सिमकार्डाच्या बाबतीत मोबाइलवाल्याकडे ऐकलंय. बोलणाऱ्याचा स्वर प्रत्येक वेळी तोच, वैद्यानं नाडी न बघताच निदान सांगावं तसा. आज या वाक्याशी भांडायला बसले आहे. नेहमीप्रमाणे पाल्हाळ होईल. पस्तीस मिनिटांचा तास मला नोकरीतही कधी पुरला नाही.

झालं असं. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. यजमान गेल्यापासून त्यांची फॅमिली पेन्शन एका बँकेत जमा होते (नाव घेत नाही, सगळ्याच बँका एका माळेचे मणी). वहिनी महिन्यातून एकदा, त्याच एका एटीएममधून पैसे काढतात. दुसरं मशीन माहीत नाही, दुकानात कार्ड वापरायची भीती वाटते. एके दिवशी मशीननं कार्ड वाचायला नकार दिला. आत गेल्या. आतल्या मुलानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि वरचं वाक्य उच्चारलं. नवीन कार्डाचा अर्ज, खात्यातून शुल्क वजा, वर कर. बारा दिवसांनी नवीन कार्ड आलं. वहिनी पुन्हा त्याच मशीनपाशी. पुन्हा तोच नकार. आत पुन्हा तोच मुलगा, आणि पुन्हा, “हेही खराब आलंय वाटतं. तुम्ही कार्ड ठेवता कुठे?”

या शेवटच्या प्रश्नानं वहिनी रडवेल्या झाल्या. मला म्हणाल्या, “बाई, मी पर्स बदलू का?”

माझा भाच्याचा मुलगा घाटकोपरला असतो, कॉलेजात शिकतो. त्यानं त्याच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी लॅमिंग्टन रोडवरून कार्ड वाचायचं एक चपटं यंत्र आणलं होतं. हजार रुपयांच्या आतबाहेरची वस्तू, यूएसबीनं कॉम्प्युटरला लागते. मी त्याला फोन करून ते घेऊन यायला सांगितलं. वहिनींनी जुनं कार्ड कापून टाकलं नव्हतं (आमची पिढी काही टाकत नाही, कधीकधी त्याचा उपयोग होतो), त्यामुळे दोन्ही कार्डं हातात होती. त्यानं आधी जुनं घातलं. पडद्यावर नऊ जोड्या उमटल्या, पहिल्या चार अशा: ३बी ६५ ०० ००. पुढे आणखी पाच. मग नवीन घातलं. तेच नऊ, अक्षर न् अक्षर तेच.

मी म्हटलं, “हे काय?”

तो म्हणाला, “आजी, कार्ड हजर म्हणतंय.”

बरोब्बर हाच शब्द वापरला त्यानं, आणि माझी ट्यूब पेटली.

मंडळी, तुमच्या बँकेच्या कार्डावर जी सोनेरी चौकट असते, ती म्हणजे एका छोट्याशा कॉम्प्युटरचा दरवाजा. आत बॅटरी नाही. मशीन त्याला वीज देतं, घड्याळाचे ठोके देतं आणि ‘रिसेट’ नावाच्या तारेवरून खूण करतं. वर्गात शिरल्यावर बाई हजेरीपट उघडतात ना, तसं. खूण मिळाली की कार्डानं ४०० ते ४०,००० ठोक्यांच्या आत बोलायला सुरुवात केलीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हे जे पहिलं बोलणं, त्याला ‘आन्सर टु रिसेट’, थोडक्यात एटीआर म्हणतात. नियमाचा क्रमांक आयएसओ ७८१६, भाग ३. पहिल्यांदा १९८९ साली निघाला. तुमच्या फोनमधलं सिमही असंच चिपचं कार्ड आहे, तेही फोन सुरू केला की आधी हेच करतं. पिन नंतर, खातं नंतर, पैसे तर फारच नंतर. आधी हजेरी.

ते नऊ तुकडे पाठवायला कार्डाला किती वेळ लागतो, याचा हिशोब नातवानं मला कागदावर करून दाखवला. सुरुवातीला एका बिटाला ३७२ ठोके. म्हणजे नेहमीच्या घड्याळावर सेकंदाला साधारण ९,६०० बिट. एका तुकड्याला बारा बिटांचा वेळ, नऊ तुकड्यांना एकशे आठ. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. वहिनींच्या त्या बँकेत पाच खेपा झाल्या होत्या आणि ज्या प्रश्नासाठी झाल्या, त्याचं उत्तर द्यायला कार्डाला एवढाच वेळ हवा होता. कुणी विचारलं नाही.

आता ‘३बी ६५’ हे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण “हे आपलं काम नाही” असं म्हणणाऱ्यांशी माझं दुसरं भांडण आहे. माझ्या धाकट्या दिरांनी फोनवर मला हेच ऐकवलं. “वहिनी, तुम्ही बीए मराठीच्या, हे हेक्साडेसिमल वगैरे तुम्हाला काय करायचंय?”

भावोजी, १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते आणि वाण्याकडचा हिशोब मी सोळाच्या पटीतच शिकले. हेक्साडेसिमल म्हणजे दुसरं काही नाही, रुपये आणि आणे आहेत! डावीकडचा आकडा रुपये, उजवीकडचा आणे. नऊ आण्यांच्या पुढे एकेरी आकडे संपतात म्हणून दहा आण्यांना ए, अकराला बी, असं करत पंधरा आण्यांना एफ. सोळावा आणा झाला की रुपया. म्हणजे ३बी हे तीन रुपये अकरा आणे, एकूण एकोणसाठ आणे. ६५ हे सहा रुपये पाच आणे. ज्या पिढीला हे जन्मतः येत होतं तिलाच “तुम्हाला नाही कळणार” म्हणून सांगतात, याची मला गंमतही वाटते आणि रागही येतो.

पहिला तुकडा नेहमी ३बी किंवा ३एफ असतो, तिसरं काही नाही. कार्ड कुठल्या रीतीनं बोलणार, हे तो सांगतो. ३बी म्हणजे प्रत्येक तुकड्यातला लहान घराचा अंक आधी आणि मोठ्याचा नंतर. ३एफ म्हणजे मोठ्याचा आधी, आणि शिवाय विजेच्या चढ-उताराचा अर्थही उलटा. जुन्या काही सिमकार्डांमध्ये ही दुसरी रीत सापडते. तुम्हाला २०१९ साल आठवतंय का? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी जोडाक्षरांचं आणि मुलांच्या गोंधळाचं कारण शांतपणे समजावून सांगितलं, तरी विनोद आणि संताप काही थांबेना. मीही तेव्हा तावातावानं ‘सत्तावीस’च्या बाजूनं बोलले होते. आता बघा, कार्डं बनवणाऱ्यांमध्येही हाच वाद झालेला दिसतो, एकक आधी की दशक आधी. त्यांनी तोडगा काय काढला? दोन्ही रीती ठेवल्या आणि अट घातली, की तोंड उघडताच आपली रीत सांगायची. मोर्चा नाही, अग्रलेख नाही.

दुसरा तुकडा ६५. याचे दोन भाग करून वाचायचे. उजवा पाच म्हणजे शेवटी पाच तुकडे कार्ड बनवणाऱ्याच्या मर्जीचे येणार. डावा सहा म्हणजे मधल्या चार रकान्यांपैकी कोणते भरलेत त्याची यादी. ही यादी चवली-पावलीनं मोडते. जुनी नाणी आठवा: आणा, चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार, अधेली म्हणजे आठ. आणा असेल तर पहिला रकाना आहे, चवली असेल तर दुसरा, पावली असेल तर तिसरा, अधेली असेल तर चौथा. सहा म्हणजे पावली आणि चवली. म्हणजे दुसरा आणि तिसरा रकाना आहे, पहिला आणि चौथा नाही. शून्य ते पंधरा आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम या चार नाण्यांनी एकाच प्रकारे भरता येते, म्हणून यादीत कधी घोटाळा होत नाही. हे मला नातवानं शिकवलं नाही, मी त्याला शिकवलं. पावली कशाला म्हणतात हेच त्याला माहीत नव्हतं.

तर वहिनींच्या कार्डात दुसरा रकाना ००, तिसरा ००. तिसऱ्याचा अर्थ, मशीननं दोन अक्षरांमध्ये जास्तीचं थांबायची गरज नाही. दुसऱ्याची गोष्ट मोठी मजेची आहे. पूर्वीच्या चिपांना आत काही लिहायचं तर वेगळी, जास्त दाबाची वीज लागे. ती किती, हे या रकान्यात सांगायचं. आजच्या चिपांना ती लागत नाही. २००६ च्या आवृत्तीत आयएसओनं हा रकाना बादच केला. पण बँकांच्या चिपकार्डांचे वेगळे नियम आहेत, ईएमव्ही नावाचे, त्यांच्या नमुन्यात तो आहेच. मग दरवेळी कार्ड शून्य लिहून सांगतं की मला ती वीज नको. आपल्याकडच्या अर्जांवर ‘पतीचे / वडिलांचे नाव’ असतं ना, तसंच. साठ-सत्तर वर्षांची बाई असली तरी तो रकाना भरल्याशिवाय खिडकी पुढे सरकत नाही.

उरले पाच तुकडे. त्यांना इंग्रजीत ‘हिस्टॉरिकल बाइट्स’ म्हणतात. मी इतिहास शिकवलाय, मोठ्या आशेनं विचारलं, काय इतिहास आहे त्यात? काही नाही. चिपची जात, आतल्या प्रणालीची आवृत्ती, असलं काहीतरी, बनवणाऱ्याला वाटेल ते. यांची संख्या पंधराच्या वर जात नाही, कारण सांगायला आण्यांचा एकच आकडा आहे. या पाचांचा अर्थ बँकेनं कार्डासोबत दिलेल्या त्या बारीक अक्षरांच्या चोपडीत कुठेही नाही. फ्रान्समधले लुडोविक रूसो नावाचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं जगभरातल्या कार्डांच्या अशा उत्तरांची यादी सांभाळत आले आहेत, लोक आपापल्या कार्डाचं उत्तर पाठवतात, ते नोंद करतात आणि यादी सगळ्यांना फुकट खुली. नातवाच्या कॉम्प्युटरनं त्याच यादीत शोधलं. ज्यांनी कार्ड बनवलं त्यांनी सांगायचं, ते एक माणूस घरी बसून सांगतो आहे.

आणि ज्या नियमपुस्तकाच्या आधारे हे वाचायचं, ते आयएसओचं पुस्तक विकत घ्यावं लागतं, बरं का. ईएमव्हीवाले तरी आपले नियम फुकट ठेवतात. आपल्या देशानं या बाबतीत एक चांगलं काम केलं होतं, त्याचंही नाव घेते. एनआयसी आणि आयआयटी कानपूरनं मिळून वाहन परवान्यांच्या चिपकार्डासाठी ‘स्कोस्टा’ हा आपला मानक तयार केला, तो खुला ठेवला, म्हणजे कुठलाही कारखाना त्याप्रमाणे कार्ड बनवू शकेल आणि सरकार एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधलं जाणार नाही. विचार किती शहाणा! पण माझ्या भाच्याकडे असला चिपवाला परवाना किती वर्षं होता. चेकनाक्यापासून कोल्हापूरपर्यंत हवालदारांनी तो शंभरदा पाहिला असेल. फोटो पाहिला, तारीख पाहिली, पण चिप एकदाही कुणी यंत्रात घातली नाही. २०१८ पासून डिजिलॉकरमधला परवानाही चालतो. ती बिचारी चिप ‘हजर’ म्हणायची वाट बघत पाकिटातच म्हातारी झाली. मुलाला शाळेत घालायचं, गणवेश शिवायचा आणि वर्षभर कुणी हजेरीच घ्यायची नाही!

असो, मुद्द्यावर येते. वहिनींचं कार्ड नऊच्या नऊ तुकडे बोललं, म्हणजे कार्ड चांगलंच आहे, असं मी म्हणत नाही. हजर म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला धडा येतोच असं थोडंच आहे? एटीआर आलं म्हणजे एवढंच कळतं की चिप जिवंत आहे, सोनेरी चौकटीला वीज पोचते आहे आणि कार्ड आपली ओळख नीट सांगतं आहे. पुढे खातं गोठलेलं असू शकतं, पिन चुकलेला असू शकतो, मुदत संपलेली असू शकते. जुनं कार्ड तर बँकेनं बंद केलेलंच होतं. तरी ते बोललं. पटावरून नाव कमी केलं म्हणून मुलगा मुका होत नाही, बंद करणं बँकेच्या वहीत होतं, चिपमध्ये नव्हे. आणि उलट बाजूही सांगते. एटीआर आलं नाही म्हणजे कार्डच मेलं, असंही नाही. मशीनच्या खाचेतल्या पट्ट्यांवर धूळ बसली असली, त्या झिजल्या-वाकल्या असल्या, तरी मशीनला काही ऐकू येणार नाही. अशा वेळी दुसरं, चांगलं माहीत असलेलं कार्ड त्याच खाचेत घालून बघायचं. तेही गप्प राहिलं तर दोष खाचेचा. एवढा तर्क चौथीच्या मुलाला जमतो.

माझं भांडण आहे ते इथे. ‘कार्ड खराब आहे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी कोंबलेली आहेत. कार्ड बोललंच नाही, हे एक. कार्ड बोललं पण मशीनला ऐकू आलं नाही, हे दुसरं. कार्ड बोललं, मशीननं ऐकलं आणि पलीकडच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरनं नाही म्हटलं, हे तिसरं. तिन्हीचं बिल मात्र एकाच माणसाच्या नावानं फाटतं. शुल्क त्याचं, खेपा त्याच्या, आणि वर “कार्ड ठेवता कुठे” हा आरोपही त्याच्यावरच. पैसे खात्यातून गेले पण एटीएमनं हातात दिले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानं मुदत घालून दिली आहे, पाच दिवसांनंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण हजेरीतच गाडी अडली, तर तो व्यवहार सुरूच झालेला नसतो. मग कसली मुदत आणि कसली भरपाई! ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सगळी पट्टीवाली कार्डं बदलून चिपवाली घ्या, असा आदेश झाला तेव्हा आपण सगळे रांगेत उभे राहिलो. आदेश योग्यच होता, पट्टीची नक्कल करणं फार सोपं होतं. पण चिप आली तेव्हा चिपला विचारायची रीतही खिडकीपर्यंत यायला हवी होती. ती आली नाही.

एका ब्लॉगमित्रांनी मला पत्र लिहून सावध केलं, की हे सगळं उघड लिहू नका, हॅकर मंडळी फायदा घेतील. त्यांचा हेतू चांगला आहे, पण म्हणणं पटत नाही. एटीआर हे गुपित नाही. कार्ड ते कुठल्याही यंत्राला, पिन न विचारता, पहिल्या झटक्यात सांगतं, त्यासाठीच ते आहे. त्यात नाव नाही, खातं नाही, शिल्लक नाही. वहिनींच्या दोन कार्डांनी एकच उत्तर दिलं ते याचमुळे. एका घाण्यातली सगळी कार्डं सहसा सारखंच बोलतात. खबरदारी घ्यायची ती वेगळी. एटीआरच्या पुढे जाऊन विचारलं, तर कार्डावर छापलेला सोळा आकडी नंबर चिपही सांगून टाकते आणि तेवढ्याला पिन लागत नाही. म्हणून परक्याच्या यंत्रात गंमत म्हणून कार्ड घालू नका आणि घरच्या यंत्रातही पिन टाकू नका. हजेरीला पिन लागतच नाही. कुणी मागितला तर समजा की तो हजेरी घेत नाहीये.

आमच्या सोसायटीच्या गेटच्या कार्डावरून हा वाद आणखी रंगला. ते कार्ड खाचेत घालत नाहीत, नुसतं टेकवतात, त्याला सोनेरी चौकट नाही. नातवानं दुसऱ्या यंत्रावर टेकवून दाखवलं, उत्तर आलं वीस तुकड्यांचं: ३बी ८एफ ८० ०१ ८० ४एफ ०सी ए० ०० ०० ०३ ०६ ०३ ०० ०१ ०० ०० ०० ०० ६ए. मी लगेच मोडायला घेतलं. ८एफ, म्हणजे फक्त अधेली, आणि मर्जीचे तुकडे पुरे पंधरा. शेवटचा ६ए हा पडताळा. परीक्षेत ‘जोड्या लावा’ असतं ना? पहिला ३बी सोडून सगळे तुकडे एकाखाली एक, एक आणि शून्यात मांडायचे आणि प्रत्येक उभ्या रांगेतल्या एकांच्या जोड्या लावायच्या. ज्या रांगेत एक जण एकटा उरेल, त्याला शेवटच्या तुकड्यातून जोडीदार मिळतो. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर उत्तर वाटेत बिघडलं नाही असं मानायचं. मी दुपारभर बसून लावल्या. लागल्या सगळ्या! (वहिनींच्या साध्या प्रकारच्या कार्डात हा पडताळा नसतो, मी शोधत बसले होते.)

मग नातू हसून म्हणाला, “आजी, पण हे उत्तर कार्डाचं नाहीच.” टेकवायच्या कार्डाला रिसेटची तार नसते, त्यामुळे एटीआरही नसतं. वाचणारं यंत्र कार्डाची जात ओळखतं आणि कॉम्प्युटरला सवय आहे म्हणून त्याच्या वतीनं एटीआर बनवून देतं. मेट्रोची, बसची टेकवायची कार्डं घरच्या यंत्रावर ठेवली तरी असंच. काही हुशार कार्डांच्या बाबतीत यंत्र त्यांचेच काही शब्द आत घालतं, पण आमच्या गेटच्या कार्डाचं उत्तर सबंध यंत्राचं. थोडक्यात, प्रॉक्सी! मागच्या बाकावरच्यानं मित्राची हजेरी लावावी तशी. मी पस्तीस वर्षं प्रॉक्सी पकडल्या आणि इथे साफ फसले.

त्या वीस तुकड्यांमधला ‘०० ०१’ सांगतो की कार्ड मायफेअर क्लासिक १के जातीचं आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या कार्डांचं उत्तर तेच. हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, कारण या जातीचं कुलूप २००७-०८ मध्येच फोडलं गेलं आहे आणि नवीन यंत्रणा घेताना तरी विचार व्हावा. झालं! “बाई, असं बोलू नका, बाहेर कळेल.” अहो, बाहेर २००८ पासून कळलेलं आहे. नेदरलँडमधल्या नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी हे कुलूप कसं उघडतं ते लिहिलं, तेव्हा चिप बनवणारी कंपनी निबंध छापू नये म्हणून कोर्टात गेली आणि हरली. चूक कुलुपाची आहे, ती दाखवणाऱ्याची नाही, असंच मी त्या निकालातून समजते. आणि आमची मंडळी एका रिटायर्ड बाईनं मुलुंडच्या मीटिंगमध्ये कार्डाची जात मोठ्यानं उच्चारली म्हणून घाबरतात. कार्ड स्वतः ती जात कुणालाही सांगतं आहे हो!

तर मी मागते काय? फार नाही. ज्या खिडकीवर कार्ड नाकारतात, तिथे नाकारण्याच्या कागदावर एक रकाना हवा: कार्डानं उत्तर दिलं का? हो किंवा नाही. यंत्राला हे आधीच माहीत असतं, त्याशिवाय ते पुढे जाऊच शकत नाही. फक्त ते आत गिळून पडद्यावर ‘एरर’ दाखवतं. उत्तर आलं असेल, तर नवीन कार्डाचं शुल्क घ्यायच्या आधी दोष दुसरीकडे शोधायचा. आलं नसेल, तर दुसरं कार्ड घालून बघायचं, आणि तेही गप्प असेल तर मशीनवर पाटी लावायची. यात कुठलीही नवी यंत्रणा नाही, निविदा नाही, उद्घाटन नाही. म्हणूनच बहुधा होत नाही.

वहिनींचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी आणि वहिनी ते नऊ तुकडे कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून शाखेत गेलो. तो मुलगा हसला. आतल्या एक अधिकारी बाई मात्र उठून आल्या, त्यांनी कागद वाचला नाही, पण नवीन कार्ड घेऊन काउंटरवरच्या छोट्या यंत्रात घातलं. लगेच चाललं. मग त्यांनी स्वतःचं कार्ड बाहेरच्या एटीएममध्ये घातलं. ते चाललं नाही. दोन मिनिटं त्या मशीनकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मशीनवर ‘बंद आहे’चा कागद लागला आणि आठवड्यानं ते दुरुस्त होऊन सुरू झालं.

वहिनींचं शुल्क परत मिळावं म्हणून अर्ज केला आहे, मराठीत, दोन प्रतींत, पोच घेऊन. सोबत नऊ तुकड्यांचा कागद जोडला आहे, जुन्या कार्डाचा एक आणि नव्याचा एक. अर्ज घेणाऱ्यानं विचारलं, “आजी, दोन्हीकडे सेम नंबर लिहिलाय, चुकून झालाय का?”

मी म्हटलं, “नाही, तेच वाचा.”